स्लाव्हिक भाषा घेऊन पदवी: गोव्यातल्या बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी वाटाड्या

मोरजी, आश्वे, हरमल या पट्ट्यात दुकानांवर सिरिलिक, म्हणजे रशियनच्या लिपीतल्या, पाट्या दिसतात, म्हणून रशियन शिकावंसं वाटलं तर त्यात गैर काही नाही. पण पदवीला तेवढं कारण पुरत नाही. शॅकवर चालणारी रशियन, म्हणजे दर सांगणं, ऑर्डर घेणं, रस्ता दाखवणं, एका हंगामात जमून जाते. त्यासाठी तीन-चार वर्षं घालवायची गरज नाही.

पदवी हा वेगळा मामला आहे. पहिली दोन वर्षं जवळजवळ सगळी व्याकरणात आणि शब्द पाठ करण्यात जातात. पुढे साहित्याचा इतिहास, मूळ भाषेतून वाचन, भाषांतर आणि थोडं भाषाशास्त्र येतं. बोलणं सुधारतं, पण ते बाजूने. ज्याला पुस्तक घेऊन शब्दकोशाशी झटापट करायला आवडत नाही, त्याला दुसऱ्या वर्षी ही पदवी नकोशी होते, आणि तोवर निम्मा काळ गेलेला असतो. म्हणून प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी घरच्या घरी स्वतःची परीक्षा घ्या. ती कशी घ्यायची ते पुढे दिलं आहे.

कोणती भाषा

स्लाव्हिक भाषांच्या तीन शाखा आहेत. पूर्वेकडच्या: रशियन, युक्रेनियन, बेलारुशियन. पश्चिमेकडच्या: पोलिश, चेक, स्लोव्हाक आणि जर्मनीत थोडे लोक बोलतात ती सोर्बियन. दक्षिणेकडच्या: बल्गेरियन, मॅसिडोनियन, सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन, माँटेनेग्रिन, स्लोव्हेनियन. रशियनमध्ये सहा विभक्ती आहेत, पोलिश आणि चेकमध्ये सात. बल्गेरियन आणि मॅसिडोनियनमध्ये नामांच्या विभक्ती जवळपास गळून गेल्या आहेत, पण क्रियापदांचा पसारा मोठा आहे.

भारतात राहून पूर्ण पदवी घ्यायची तर व्यवहारात ती रशियनचीच. पोलिश, चेक, बल्गेरियन यांची सोय दिल्ली विद्यापीठाच्या स्लाव्होनिक आणि फिनो-युग्रियन अभ्यास विभागात आहे, पण ती मुख्यतः प्रमाणपत्र-पदविकांच्या पातळीवर. तेव्हा सरळ हिशोब असा: रशियन मुख्य, आणि दुसऱ्या वर्षापासून दुसरी एखादी स्लाव्हिक भाषा जोडीला. पहिल्याच वर्षी दोन घेऊ नका. रशियन आणि पोलिश शब्द इतके सारखे दिसतात, की कच्च्या पायावर दोन्हींची सरमिसळ होते आणि मग कुठलीच धड राहत नाही.

अर्जाआधीचे बारा आठवडे

पहिले दोन आठवडे फक्त लिपी. रशियन सिरिलिकमध्ये ३३ अक्षरं आहेत. ती वाचायला चार दिवस पुरतात. घोटाळा होतो तो रोमनसारख्या दिसणाऱ्या सहा अक्षरांत. रोमन बीसारखं दिसतं ते ‘व’, एचसारखं ते ‘न’, पीसारखं ते ‘र’, सीसारखं ते ‘स’, वायसारखं ते ‘ऊ’ आणि एक्ससारखं ते ‘ख’. त्यामुळे ‘रिस्तरान’ (उपाहारगृह) ही पाटी नवखा माणूस ‘पेक्टोपाह’ अशी वाचतो. मोरजीच्या रस्त्यावरून चालत ‘अप्तेका’ (औषधांचं दुकान), ‘आरेंदा’ (भाड्याने), ‘अब्म्येन वाल्यूती’ (परकीय चलन बदलून मिळेल) या पाट्या न अडखळता वाचता आल्या, की छापील लिपी झाली.

हाताने लिहायची वळणदार लिपी वेगळी आहे आणि ती टाळता येत नाही. शिक्षक फळ्यावर तीच लिहितात. तिच्यात ‘त’ रोमन एमसारखा दिसतो, ‘द’ जीसारखा, ‘प’ एनसारखा आणि ‘ई’ यूसारखी. ‘श’, ‘ई’, ‘ल’ आणि ‘म’ ओळीने आले तर सगळी एकसारखी लाटच दिसते. यासाठी ‘प्रोपिसी’ नावाच्या कित्त्याच्या वह्या मिळतात. त्यांच्या पीडीएफ छापून रोज दोन पानं गिरवा. ‘ल’ आणि ‘म’ यांच्या सुरुवातीला छोटा आकडा (हुक) असतो, तो सोडू नका. अक्षर वाचण्याजोगं राहतं ते त्या आकड्यामुळेच.

तिसऱ्या आठवड्यात कळफलक. संगणकावर आणि मोबाइलवर रशियन कळफलक घाला, आणि तोही रशियात वापरतात तो, ज्याची वरची ओळ ‘य्-त्स-ऊ-क-ये-न’ अशी सुरू होते. रोमन अक्षरांच्या जागी सिरिलिक बसवणारा सोपा कळफलकही मिळतो. त्याने दोन दिवस बरं वाटतं, पण पुढे कुठल्याही विद्यापीठाच्या किंवा कार्यालयाच्या संगणकावर हात अडतो.

इथेच एक सवय मोडायला हवी. रशियन शब्द देवनागरीत लिहून पाठ करायची आपल्याकडे फार सवय आहे. या लेखात तसं लिहिलं आहे ते फक्त वाचकाला अंदाज यावा म्हणून. वहीत ते एकदाही करू नका. रशियनमध्ये बहुतेक व्यंजनांची कठोर आणि मृदू अशी जोडी असते, आणि ती देवनागरीत उतरत नाही. ‘भाऊ’ आणि ‘घेणे’ हे दोन्ही शब्द आपण ‘ब्रात’ असेच लिहू. फरक फक्त शेवटच्या मृदू ‘त’चा. ‘कोपरा’ आणि ‘कोळसा’ यांचंही तेच, तिथे फरक शेवटच्या ‘ल’चा. वहीत देवनागरी आली, की हा फरक कानाला ऐकू येणंही बंद होतं.

चौथ्या ते दहाव्या आठवड्यापर्यंत एकच पाठ्यपुस्तक धरा. परदेशी विद्यार्थ्यांसाठीचं ‘दरोगा व् रस्सीयू’ चांगलं आहे, आणि ते पायरीपायरीने पहिल्या पातळीपर्यंत नेतं. रोज दीड तास: अर्धा तास ऐकून मोठ्याने म्हणणं, पाऊण तास व्याकरणाचे सराव, पंधरा मिनिटं शब्द. रोज १० नवे शब्द, आठवड्यातला एक दिवस फक्त उजळणी. या वेगाने या सात आठवड्यांत ४२० शब्द होतात. टॉरफल या रशियनच्या अधिकृत परीक्षेच्या सर्वांत खालच्या पातळीची शब्दयादी सुमारे ७८० शब्दांची आहे, म्हणजे तिची निम्म्याहून थोडी जास्त वाट तुम्ही चाललेले असता. पुढच्या दोन पातळ्यांच्या याद्या साधारण १,३०० आणि २,३०० शब्दांच्या.

अकराव्या आणि बाराव्या आठवड्यात परीक्षा. लहान मुलांसाठीच्या गोष्टीचं न पाहिलेलं एक पान घ्या, शब्दकोश जवळ ठेवा आणि तासभर बसा. पान पूर्ण कळणार नाही, ते अपेक्षितही नाही. बघायचं एवढंच, की तास संपल्यावर पुढचं पान उलटावंसं वाटतं का. वाटत नसेल तर भाषा छंद म्हणून शिका, पदवी दुसरी घ्या. पैसा आणि वर्षं दोन्ही वाचतील.

मराठी येते, याचा फायदा कुठे आणि तोटा कुठे

अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांना रशियन, पोलिश, चेक यांसाठी ४४ आठवडे, म्हणजे वर्गातले ११०० तास धरते. मराठी माणसाला तास कमी लागतील असं कोणी सिद्ध केलेलं नाही. पण ज्या गोष्टी इंग्रजांना महिनाभर डोक्यात शिरत नाहीत, त्यातल्या काही आपल्याला पहिल्याच दिवशी कळतात.

तीन लिंगं आहेत, विशेषण लिंगाप्रमाणे बदलतं, ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळे आहेत, इंग्रजीसारखी उपपदं नाहीत. ‘मला थंडी वाजते’ यात ‘मी’ कर्ता नसून ‘मला’ आहे, तसंच रशियनमध्ये ‘म्न्ये खोलद्ना’. ‘मला आवडतं’ची रचनाही तीच. ‘मी घर बघतो’ पण ‘मी भावाला बघतो’: निर्जीवाला प्रत्यय नाही, सजीवाला आहे. रशियन पुल्लिंगी नामांत द्वितीयेचा नियम नेमका असाच चालतो, ‘वीझू दोम’ पण ‘वीझू ब्राता’. ‘त्याने आपलं पुस्तक घेतलं’ आणि ‘त्याने त्याचं पुस्तक घेतलं’ यातला फरकही रशियनमध्ये वेगळ्या शब्दाने दाखवतात. शिकवणाऱ्याने इंग्रजीतून समजावलं तरी मनात मराठी वाक्य करून पाहा, बऱ्याच गाठी आपोआप सुटतात.

आता तोटा. भूतकाळात रशियन क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतं, ‘तो गेला, ती गेली’ यासारखंच. म्हणून मराठी विद्यार्थी खूश होतो आणि तिथेच फसतो. मराठीत ‘त्याने चिठ्ठी लिहिली’: क्रियापद चिठ्ठीच्या मागे जातं. रशियनमध्ये ते नेहमी कर्त्याच्या मागे. पत्र, पुस्तक, गोष्ट काहीही असो, ‘त्याने’ केलं तर पुल्लिंगीच. पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिकांत मराठी मुलांची ही चूक दिसतेच दिसते. उपाय एकच: भूतकाळाचं प्रत्येक वाक्य लिहिल्यावर कर्त्याखाली रेघ मारायची आणि क्रियापद त्याच्याशी ताडून बघायचं. महिनाभरात सवय होते.

दुसरी खोच उच्चारांची. इंग्रजीतून भाषा शिकलेली मुलं रशियन ‘त’, ‘द’चे ‘ट’, ‘ड’ करतात. ते दंत्य आहेत, सरळ आपले ‘त’ आणि ‘द’ वापरा. ‘चाक’मधला ‘च’ आणि ‘चार’मधला ‘च’ रशियनमध्ये दोन स्वतंत्र अक्षरं आहेत, आणि मराठी कानाला तो फरक आधीच ऐकू येतो. कठीण जातात ते तीन आवाज: ‘ई’ आणि ‘ऊ’च्या मधला तो आखडता स्वर, लांब मृदू ‘श्श’ आणि घोष ‘श’. यांच्यासाठी आरसा आणि ध्वनिमुद्रण लागतं. स्वतःचा आवाज मोबाइलवर नोंदवून मूळ आवाजाशेजारी ऐका.

आघात, म्हणजे शब्दातल्या एका अवयवावर (अक्षरावर) दिला जाणारा जोर, हा तर स्वतंत्र विषय. रशियन आघात कुठेही पडतो आणि छापील मजकुरात दाखवत नाहीत. पहिल्या अवयवावर आघात असेल तर ‘झामक’ म्हणजे किल्ला, दुसऱ्यावर असेल तर तेच लिखित रूप ‘झमोक’, म्हणजे कुलूप. आघात नसलेला ‘ओ’ ‘अ’सारखा उच्चारतात. म्हणून नवा शब्द वहीत आघाताच्या खुणेशिवाय लिहायचाच नाही.

अंकांचं प्रकरण वर्गात हसू आणतं आणि परीक्षेत रडू. एक टेबल ‘अदीन स्तोल’, दोन ‘द्वा स्तला’, पाच ‘प्यात स्तलोफ’. दोन, तीन, चार यांच्यापुढे षष्ठी एकवचन, पाचपासून पुढे षष्ठी अनेकवचन, आणि एकवीसला पुन्हा एकवचनी प्रथमा. नियम पाठ करून काही होत नाही. बाजारात जाताना नारळ, बांगडे, अंडी मनातल्या मनात रशियनमध्ये मोजत जा.

पदवीच्या दुसऱ्या वर्षी सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती क्रियापदांच्या पूर्ण-अपूर्ण जोड्यांत. जवळपास प्रत्येक क्रियापद दोन रूपांत येतं: एक क्रिया चालू किंवा वारंवार होणारी, दुसरी पुरी झालेली. ‘वाचत होतो’ आणि ‘वाचून काढलं’, ‘लिहीत होतो’ आणि ‘लिहून टाकलं’ हा आपला फरक बराच जवळ जातो. मात्र रशियनमध्ये तो ऐच्छिक नाही, दर वेळी एक बाजू घ्यावीच लागते. जोड्या सुट्या पाठ करू नका. प्रत्येक जोडीला दोन वाक्यं लिहा, एक प्रक्रियेचं, एक निकालाचं.

त्याच्या पुढे गतीची क्रियापदं. पायी की वाहनाने, एका दिशेने आत्ता की नेहमी येऊन-जाऊन, यावर क्रियापद बदलतं. आत्ता बसमध्ये आहात आणि फोनवर सांगता, ‘म्हापशाला चाललोय’: ‘या येदू व् मापुसू’. रोज जाता: ‘या येझू’. ‘तो म्हापशाला गेला’, म्हणजे अजून तिकडेच आहे: ‘पयेखाल’. ‘तो काल म्हापशाला गेला होता’, म्हणजे जाऊन परत आला: ‘येझ्दिल’. हे मराठीत आपण न चुकता बोलतो, तेव्हा रशियनमध्येही ‘गेला’ आणि ‘गेला होता’ हीच कसोटी लावा. बहुतेक वेळा उत्तर बरोबर येतं. जाता जाता: राज्याच्या नावापुढे प्रमाण रशियनमध्ये ‘व् गोआ’ हवं, पण पर्यटक सर्रास ‘ना गोआ’ म्हणतात, जणू गोवा हे बेट आहे. उत्तरपत्रिकेत पहिलंच लिहा.

संस्कृतशी साम्याबद्दल दोन शब्द. ‘द्वा, त्री’, ‘न्येबा’ आणि नभ, ‘द्व्येर’ आणि द्वार ही साम्यं खरी आहेत, कारण दोन्ही भाषा इंडो-युरोपीय घराण्यातल्या. पण रशियन संस्कृतातून निघाली असं सांगणारे व्हिडिओ बघण्यात वेळ घालवू नका. चुलत बहिणीला कोणी लेक म्हणत नाही.

कुठे शिकायचं

गोवा विद्यापीठात ताळगावच्या पठारावर पोर्तुगीज आणि फ्रेंचची सोय आहे. रशियनच्या पूर्ण पदवीसाठी मात्र गोव्याबाहेर पडण्याची तयारी ठेवा. मुख्य वाटा तीन.

पहिली, दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ. तिथल्या रशियन अभ्यास केंद्रात बी.ए. ऑनर्स आहे आणि शिकवणं शून्यापासून सुरू होतं, आधी रशियन येण्याची अट नाही. प्रवेश सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेतून. हैदराबादच्या इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठातही रशियनची पदवी आहे. त्यांची प्रवेशपद्धत त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघा. सीयूईटीत मुलं मार्कांपेक्षा जास्त वेळा पेपरांच्या निवडीत मार खातात. विद्यापीठ मागतं तो पेपर अर्ज भरताना निवडला नसेल तर नंतर ते निस्तरणं अवघड जातं. अर्ज बहुतेक वेळा गोवा बोर्डाच्या बारावीच्या परीक्षेच्या आसपासच सुटतात, आणि मुलं ‘परीक्षा संपल्यावर बघू’ म्हणतात. बघू नका. डिसेंबरातच माहितीपत्रक वाचून लागणाऱ्या पेपरांची यादी भिंतीला लावा.

दुसरी वाट पुणे-मुंबईची, आणि गोव्यातल्या मराठी मुलांना ती बऱ्याचदा जास्त मानवते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे. तिथे प्रमाणपत्रापासून एम.ए.पर्यंत रशियन शिकता येतं. मुंबई विद्यापीठाचा रशियन विभाग कालिन्याला आहे. बी.ए. इतिहास, इंग्रजी किंवा भाषाशास्त्रात करायचं आणि संध्याकाळी रशियनचं प्रमाणपत्र, पदविका, उच्च पदविका अशा पायऱ्या चढायच्या, मग एम.ए. रशियन. एम.ए.ला कोणती पदविका चालते ते पहिल्या वर्षीच विभागात लेखी विचारून ठेवा. वास्कोहून सुटणारी गोवा एक्सप्रेस पुण्यावरूनच निजामुद्दीनला जाते, म्हणजे दोन्ही वाटांना गाडी एकच. दिल्लीपर्यंत मात्र दीड दिवसाहून जास्त लागतो.

तिसरी वाट परदेशाची. रशियन सरकार भारतीय विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी शिष्यवृत्तीचा कोटा ठेवतं. अर्ज ऑनलाइन असतो आणि निवडीचं काम दिल्ली, मुंबई वगैरे ठिकाणच्या रशियन केंद्रांमार्फत चालतं. शिक्षण फुकट आणि महिन्याचा थोडा भत्ता मिळतो. विमानभाडं, विमा आणि पोटापुरते वरचे पैसे तुमचे. भाषा येत नसेल तर आधी एक वर्ष तयारीचा वर्ग करावा लागतो. पदवी रशियनमधून करायची तर टॉरफलची ‘पहिली पातळी’, म्हणजे खालून तिसरी, बी-१, किमान हवी. त्या परीक्षेचे पाच भाग असतात: शब्द आणि व्याकरण, वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं. प्रत्येकात साधारण ६६ टक्के लागतात. एकातल्या जास्त मार्कांनी दुसऱ्यातली तूट भरून निघत नाही. ऐकण्यात नापास होणारे जास्त, कारण घरी त्याचाच सराव होत नाही.

चेक प्रजासत्ताकातल्या सरकारी विद्यापीठांत चेक माध्यमातून शिकलात तर शिक्षणशुल्क नाही, विद्यार्थी कुठल्याही देशाचा असो. त्यासाठी आधी चेक चांगली यायला हवी, हीच तिथली फी समजा. युक्रेनला जाऊन शिकण्याचा विचार सध्याच्या युद्धात करू नये.

साहित्य: तिसऱ्या वर्षाची तयारी पहिल्या वर्षी

साहित्याचे पेपर सुरू होतात तेव्हा एका सत्रात पाच-सहा जाड पुस्तकं समोर येतात, आणि मूळ रशियनमधून तेवढं वाचण्याचा वेग कोणाचाच नसतो. म्हणून पहिल्या दोन वर्षांच्या सुट्टीत ती भाषांतरातून वाचून ठेवायची आणि तिसऱ्या वर्षी नेमून दिलेली प्रकरणं मूळातून. पुष्किन (१७९९ ते १८३७) हा सगळ्या अभ्यासक्रमांचा पाया आहे. त्याच्या कविता पाठ कराव्या लागतात आणि त्या पाठ केल्याने आघातही पक्के होतात. सोव्हिएत काळात मॉस्कोहून मराठीत छापलेली पुस्तकं आपल्याकडे स्वस्तात यायची. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आणि गावोगावच्या वाचनालयांत ती अजून सापडतात, दिसली तर सोडू नका. भाषांतर कसं केलं आहे ते मूळ मजकुराशेजारी ठेवून पाहणं हा भाषांतराच्या पेपरचा उत्तम सराव.

रशियनपलीकडेही डोकवा. पोलिशमध्ये शिम्बोर्स्का (नोबेल १९९६), सर्बो-क्रोएशियनमध्ये इव्हो आंद्रिच (१९६१), चेकमध्ये सायफर्ट (१९८४). जुनी चर्च स्लाव्होनिक, जिची सुरुवात नवव्या शतकात सिरिल आणि मेथोडियस यांच्या मोराव्हियातल्या कामापासून होते, ती युरोपातल्या स्लाव्हिक पदवीत अनेक ठिकाणी सक्तीची असते. भारतातल्या रशियन पदवीत तिचा भाग थोडा. पुढे युरोपात एम.ए. करायचं असेल तर निदान तिची ओळख करून घ्या.

प्रबंधाला विषय शोधताना लांब जायला नको. त्वेरचा व्यापारी अफनासी निकीतिन पंधराव्या शतकात चौलला उतरला, जुन्नर आणि बिदरला राहिला, आणि दाभोळहून परत निघाला. त्याचा मजकूर जुन्या रशियनमध्ये आहे, आधुनिक रशियन रूपांतरही मिळतं, आणि त्यातली गावं, पिकं, पेहराव मराठी विद्यार्थ्याला इतर कोणापेक्षा लवकर ओळखू येतात. दुसरा विषय अण्णा भाऊ साठे आणि सोव्हिएत संघ. मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या राज्य ग्रंथालयात २०२२ मध्ये त्यांचा पुतळा बसवला.

बाहेर जाणाऱ्यांची कागदपत्रं

इथे भाषेपेक्षा स्पेलिंग जास्त नडतं. गुणपत्रिकेवर आईवडिलांची नावं एका प्रकारे, पासपोर्टवर दुसऱ्या प्रकारे, आधारवर तिसऱ्या. सगळं आधी पासपोर्टशी जुळवून घ्या. पर्वरीला गोवा बोर्डाच्या कार्यालयात नावदुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून हे काम बारावीच्या निकालाआधीच काढा. मग राज्य पातळीवरची पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मारलेला शिक्का. आणि मूळ कागद पाठवण्याआधी रंगीत प्रती काढून ठेवा.

रशियात पासपोर्टचं भाषांतर नोटरीकडून करून घेतात. ‘ज’, ‘ह’, ‘ळ’ असलेली नावं सिरिलिकमध्ये दोन-तीन प्रकारे लिहिता येतात. व्हिसावर आलेलं रूप तेच धरा आणि पुढच्या प्रत्येक कागदावर, अगदी ग्रंथालयाच्या कार्डावरही, तेच लिहायला लावा. एक अक्षर बदललं तर पदवीपत्र तुमचंच आहे हे सिद्ध करत फिरावं लागतं. तिथे शिक्षकांना ‘सर’ म्हणत नाहीत. नाव आणि वडिलांच्या नावावरून झालेलं दुसरं नाव, असं जोडून हाक मारतात. पहिल्याच तासाला दोन्ही लिहून घ्या.

पोहोचल्यावर विमानतळावर मिळणारं स्थलांतर-कार्ड पासपोर्टातच ठेवा आणि त्याच दिवशी वसतिगृहाच्या कार्यालयात द्या. नोंदणी विद्यापीठ करतं, पण कागद तुम्ही वेळेत दिले तर. ९० दिवसांहून जास्त राहणाऱ्यांना ठरलेल्या मुदतीत वैद्यकीय तपासणी करून बोटांचे ठसे द्यावे लागतात. भारतातली व्हिसा किंवा मास्टरकार्डची कार्डं २०२२ पासून रशियात चालत नाहीत. पहिल्या महिन्याची रोकड सोबत न्या आणि तिथल्या बँकेत खातं उघडा. वाचता न येणाऱ्या कुठल्याही करारावर सही करू नका, मग तो सोपी नोकरी म्हणून दिलेला का असेना. अशा कागदांवर सह्या करून काही भारतीय तरुण थेट आघाडीवर पोहोचले आहेत. परत आल्यावर भारतात नोकरी किंवा पुढचं शिक्षण हवं असेल तर परदेशी पदवीची समकक्षता लागते. त्याचे यूजीसीचे नियम २०२५ मध्ये बदलले आहेत. प्रवेश घेण्याआधी ते वाचा.

पदवीनंतर गोव्यात

पर्यटनाचं काम ऑक्टोबर ते एप्रिल चालतं, पावसाळ्यात हात रिकामे. त्यावर एकट्यावर विसंबू नका. हॉस्पिटलांत, पोलिसांकडे, भाडेकरारांच्या वेळी दुभाष्या लागतो, पण ते काम ओळखीने आणि अवेळी येतं. तांत्रिक भाषांतर जास्त टिकाऊ. वास्कोचा गोवा शिपयार्ड रशियन आराखड्याच्या युद्धनौका बांधतो (‘त्रिपुट’ २०२४ मध्ये पाण्यात उतरली), दाबोळीच्या आयएनएस हंसावर मिग-२९के विमानं आहेत, आणि वेर्ण्याच्या औषध कंपन्यांना माल बाहेर पाठवताना त्या त्या देशांच्या भाषांत कागद द्यावे लागतात. नुसती साहित्याची पदवी तिथे अपुरी पडते. तिसऱ्या वर्षापासून एक क्षेत्र धरा, यंत्रं किंवा औषधं, आणि त्या क्षेत्रातल्या हजारभर संज्ञांचा स्वतःचा कोश बनवा. प्रत्येक संज्ञा कुठल्या वाक्यात सापडली तेही लिहून ठेवा. शब्द खरोखर वापरात आहे का, हे रशियन भाषेच्या राष्ट्रीय मजकूरसंग्रहात फुकट शोधता येतं.

भारतात युरोपसारखी शपथबद्ध भाषांतरकारांची पद्धत नाही. भाषांतर कोणाला द्यायचं आहे, दूतावास, न्यायालय की विद्यापीठ, ते आधी विचारा. कुठे नोटरीचा शिक्का पुरतो, कुठे वकिलातीच्या यादीतलाच माणूस लागतो. आणि काम सोपवण्याआधी आकडे वेगळे तपासा. रशियन कागदात दशांशाला टिंब नसून स्वल्पविराम असतो आणि हजारांच्या जागी मोकळी जागा सोडतात. ‘१,५ मिलिग्रॅम’ म्हणजे दीड. घाईत स्वल्पविराम गळाला की पंधरा होतात, आणि औषधाच्या कागदावर तो घोटाळा शुद्धलेखनाचा राहत नाही.